व्हाळाला एप्रिलमध्ये पाणी कुठून येते?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एखाद्या डोंगरउतारावर शेजारी शेजारी वाहणारे दोन व्हाळ, म्हणजे लहान ओढे, पावसाळ्यात पाहिले, तर त्यांच्यात फरक करणे कठीण जाते. दोन्हींवर सारखाच पाऊस पडतो, दोन्ही सारख्याच जोराने धावतात आणि दोन्हींचे पाणी अखेर म्हादईला मिळते. फरक दिसू लागतो तो दिवाळीनंतर. एक व्हाळ नाताळपर्यंत आटतो आणि त्याच्या जागी नुसती गोट्यांची रांग उरते, तर दुसऱ्यात एप्रिलच्या कडक उन्हातही घोटाभर पाणी खळखळत राहते आणि त्याच्या जिवावर खालच्या वाड्यावरचे कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग, तग धरते. पाऊस थांबून सहा महिने लोटले तरी हे पाणी येते कुठून, या एका प्रश्नाचा माग काढत गेले की लहानशा व्हाळाचा जवळजवळ सगळा भूगोल उलगडतो.

सुरुवात नकाशापासून करावी. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर असा व्हाळ निळ्या रंगाची बारीक रेघ म्हणून दिसतो. त्याच्या आजूबाजूच्या, सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या तपकिरी समोच्च रेषा त्या निळ्या रेघेपाशी येऊन वळतात आणि त्यांचे टोक नेहमी डोंगराच्या, म्हणजे चढाच्या बाजूला असते. ही टोके लक्षपूर्वक पाहत गेले, की निळी रेघ जिथे संपते त्याच्याही वर दरी चालूच असल्याचे कळते. त्या वरच्या भागात वर्षभर पाणी नसते, पण जोराचा पाऊस झाला की तिथूनही पाणी उतरते. नकाशावरची रेघ म्हणजे व्हाळाचा फक्त कायमचा वाटणारा भाग असतो. खऱ्या व्हाळाची लांबी ऋतूप्रमाणे वाढते आणि घटते.

ज्या व्हाळाला दुसरा कोणताही व्हाळ येऊन मिळत नाही, त्याला भूगोलात पहिल्या श्रेणीचा प्रवाह म्हणतात. पहिल्या श्रेणीचे दोन प्रवाह एकत्र आले की दुसऱ्या श्रेणीचा होतो आणि दुसऱ्या श्रेणीचे दोन मिळाले की तिसऱ्या श्रेणीचा. मात्र दुसऱ्या श्रेणीच्या प्रवाहाला पहिल्या श्रेणीचे कितीही व्हाळ मिळाले, तरी त्याची श्रेणी बदलत नाही. ही मोजणी अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट हॉर्टन यांनी १९४५ मध्ये मांडली आणि आर्थर स्ट्रॅलर यांनी १९५२ मध्ये तिला आज वापरात असलेले सोपे रूप दिले. जगातील बहुतेक नद्यांच्या खोऱ्यांत पहिल्या श्रेणीचे प्रवाह संख्येने सर्वांत जास्त असतात आणि त्यांची एकत्रित लांबीही मोठ्या नदीच्या लांबीपेक्षा कितीतरी अधिक भरते. म्हादईचे खोरे सुमारे २,०३२ चौरस किलोमीटरचे आहे आणि त्यापैकी सुमारे १,५८० चौरस किलोमीटर गोव्यात आहे. त्या खोऱ्याचा डोंगराळ भाग अशा बिननावाच्या, किंवा फक्त वाड्यावरच्या माणसांनाच नाव ठाऊक असलेल्या व्हाळांनी विणलेला आहे. नदी वाचवण्याच्या चर्चेत हे व्हाळ फारसे कुणाच्या बोलण्यात येत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रत्येक व्हाळाला त्याचे पाणलोट क्षेत्र असते, म्हणजे जिथे पडलेला पाऊस उतारावरून त्याच व्हाळात येतो तेवढी जमीन. या क्षेत्राची हद्द डोंगराच्या माथ्यावरून आणि धारेवरून जाते. ही हद्द डोळ्यांना फार ठळक दिसतेच असे नाही, पण तिचे परिणाम मोठे असतात. चोर्ला घाट चढून गेल्यावर कर्नाटकात कणकुंबी गाव लागते. या गावात मलप्रभा नदी उगम पावते. ती पूर्वेकडे वाहत जाऊन कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागरात जाते. त्याच गावाच्या परिसरातून निघणारा कळसा मात्र म्हादईच्या खोऱ्यात येतो आणि त्याचे पाणी पणजीजवळ अरबी समुद्रात पोहोचते. डोंगराची जरा उंच धार मध्ये असल्यामुळे एकाच पावसाच्या पाण्याला दोन समुद्र मिळतात. म्हादई पाणीवाटपाचा वादही याच धारेवर उभा आहे. कळसा आणि भांडुरा हे मुळात ओहोळ. त्यांचे पाणी धारेपलीकडे मलप्रभेत वळवण्याच्या प्रश्नावर २०१० मध्ये लवाद नेमला गेला आणि १४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात या दोन ओहोळांतून मिळून ३.९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वळवण्याची मुभा कर्नाटकाला देण्यात आली. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. ओहोळाला क्षुल्लक समजणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा.

आता पावसाचा हिशेब. गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला धडकून वर चढतात, थंड होतात आणि तिथेच आपला भार उतरवतात. म्हणून किनाऱ्यापेक्षा सत्तरीतील वाळपईच्या बाजूला पाऊस बराच अधिक होतो. एका चौरस किलोमीटर पाणलोटावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी १० कोटी लिटर भरते आणि सत्तरीत जुलै महिन्यात असे दिवस अपवादाने येत नाहीत. हे सगळे पाणी त्याच दिवशी व्हाळात उतरले असते, तर खालच्या वाड्या दरवर्षी वाहून गेल्या असत्या आणि ऑक्टोबरनंतर व्हाळात थेंब राहिला नसता. तसे होत नाही, कारण पाऊस आणि व्हाळ यांच्यामध्ये रान आणि डोंगर उभे आहेत.

रान पाऊस अडवते असे आपण सहज म्हणतो. ते खरे आहे, पण अडवण्याची क्रिया नेमकी कुठे होते हे समजून घेण्यासारखे आहे. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने जमिनीवर आदळतो आणि उघड्या मातीचे कण उडवून तिची छिद्रे बुजवतो. झाडाची पाने हा मारा झेलतात. मात्र उंच झाडाच्या पानावर साचलेले पाणी जेव्हा मोठ्या थेंबांच्या रूपाने खाली गळते, तेव्हा आठ-दहा मीटर खाली येईपर्यंत त्याने पुन्हा बराच वेग घेतलेला असतो. म्हणून मातीचे खरे रक्षण उंच छतापेक्षा खालची झुडपे आणि जमिनीवरचा पालापाचोळा अधिक करतात. जांबा, किंदळ, नाणा या झाडांच्या रानात पायाखालचा पाचोळा हाताने बाजूला केला, तर सर्वांत वर सुकी, मोडकी पाने, त्याखाली बुरशीने चिकटलेली काळपट, ओलसर पाने आणि त्याखाली बोटाने सहज उकरता येणारी, मुळांच्या तंतूंनी भरलेली भुसभुशीत माती लागते. वाळवीची आणि गांडुळांची बिळे, कुजलेल्या मुळांच्या पोकळ्या आणि या मातीतील फटी यांतून पाणी खाली जिरते. चांगल्या रानात मध्यम पावसाचे पाणी जमिनीवरून वाहताना क्वचितच दिसते. ते जमिनीच्या आतून चालत असते.

झाडे, पाचोळा व माती जोराच्या सरीचे पाणी दिवस-दोन दिवस रोखतात आणि थोडे आठवडाभर. एप्रिलचे पाणी एवढ्याने येत नाही. ते साठवण्याचे काम खालचा खडक करतो आणि गोव्यात हे काम प्रामुख्याने जांभ्याकडे आहे.

गोव्याचा मूळ खडक अतिशय जुना आहे. अनमोड घाटातला पट्टिताश्म (नाइस खडक) तर सुमारे ३४० कोटी वर्षांपूर्वीचा मानला जातो. त्याच्यावर शिस्ट, फिलाइट, लोहयुक्त क्वार्ट्झाइट असे थर आहेत आणि ईशान्य कोपऱ्यात, सुर्ल्याच्या बाजूला, दख्खनच्या पठाराचा काळा बेसाल्ट डोकावतो. लक्षावधी वर्षे उष्ण आणि ओल्या हवेत हे खडक कुजत गेले. पावसाने त्यांतील सिलिका आणि विरघळणारे क्षार धुऊन नेले, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली आणि त्यांपासून तांबडा, छिद्रांचा जांभा दगड तयार झाला. या कुजलेल्या जमिनीचा उभा छेद विहीर खणताना किंवा रस्त्याच्या कापणीत स्पष्ट दिसतो. सर्वांत वर सड्याचा, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठाराचा, कठीण कवचासारखा थर असतो. त्याखाली बोटे जातील एवढ्या नळ्यांनी पोखरलेला नरम जांभा येतो. त्याच्याही खाली पांढरट, पिवळसर किंवा जांभळट रंगाची चिकट माती लागते. या मातीत मूळ खडकाचा पोत अजून दिसतो, पण खडकाचा कठीणपणा राहिलेला नसतो. तिच्यातून पाणी फारच हळू झिरपते. सगळ्यात तळाशी न कुजलेला खडक असतो.

पावसाळ्यात सड्यावर पडलेले पाणी भेगांतून आणि नळ्यांतून झपाट्याने खाली उतरते, जांभ्यात साठते आणि चिकट मातीच्या थरावर येऊन अडते. खाली जाता येत नाही म्हणून ते आडवे सरकू लागते आणि डोंगराच्या कुशीत जिथे हा सांधा उघडा पडतो तिथे झर म्हणून बाहेर येते. एकाच उंचीवर ओळीने झरी फुटलेल्या अनेक डोंगरांवर दिसतात, त्याचे कारण हाच सांधा. आता त्या दोन शेजारी व्हाळांकडे परत पाहू. ज्याच्या डोक्यावर जांभ्याचा जाड थर आणि भरलेले रान आहे, त्याला हा साठा महिनोन्महिने पुरतो. ज्याच्या वर नुसता क्वार्ट्झाइटचा उतार आणि वीतभर माती आहे, त्याच्याकडे साठवायला जागाच नसते. काही ठिकाणी डोलेराइट या घट्ट खडकाच्या उभ्या भिंती जमिनीखाली पाण्याची वाट अडवतात आणि त्यांच्या वरच्या अंगाला अनपेक्षित ठिकाणी झर फुटते. एप्रिलमध्ये व्हाळात दिसणारे पाणी हे अशा रीतीने मागच्या जून-जुलैचे, कधी कधी त्याहूनही जुने असते. त्याचा पुरावा हात बुडवूनही मिळतो. जमिनीखालचे तापमान वर्षभर फारसे बदलत नसल्यामुळे झरीचे पाणी मे महिन्यात गार लागते आणि डिसेंबरच्या पहाटे कोमट वाटते.

व्हाळाचा आकार घडवण्याचे काम मात्र हे शांत पाणी करत नाही. ते पावसाळ्यातील मोजक्या पुरांचे काम आहे. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर ते ढकलू शकेल अशा दगडाचे वजन सुमारे ६४ पट होते, हा प्रवाहशास्त्राचा जुना ढोबळ नियम आहे. त्यामुळे वर्षभर जागचा न हललेला मोठा गोटा जुलैच्या एका रात्रीत दहा पावले खाली सरकलेला आढळतो. डोंगराच्या वरच्या भागात उतार तीव्र असतो आणि व्हाळ तळ कापत जातो, म्हणून दरी अरुंद आणि खोल होते. कठीण खडकाचा पट्टा आडवा आला की तिथे वझर, म्हणजे धबधबा, तयार होतो. त्याच्या पायथ्याशी पाण्याबरोबर फिरणारे दगडगोटे खडक कोरून कोंड, म्हणजे डोह, खोल करतात. उतार कमी होताच पाण्याची ताकद घटते आणि ते आधी मोठे दगड, मग गोटे, मग वाळू आणि शेवटी गाळ टाकत जाते. व्हाळाच्या काठाने खाली चालत आले की वरचे कंगोरेदार दगड हळूहळू गोल, गुळगुळीत होत गेलेले दिसतात. पायथ्याशी, जिथे गाळ साचून जमीन सपाट झाली आहे, तिथे व्हाळ वळणे घेऊ लागतो आणि वळणाच्या बाहेरच्या काठाची माती खाऊन आतल्या काठाला वाळू घालतो. कुळागरे आणि भातशेती बहुतेक याच जमिनीवर आहेत.

जिथे जमीन सपाट आहे आणि झरीचे पाणी बाराही महिने पसरते, तिथे काही ठिकाणी एक अतिशय दुर्मीळ परिसंस्था टिकून आहे. सत्तरीतील बांबर येथील निरंकाराच्या राईत रानजायफळाच्या कुळातील झाडांची गोड्या पाण्याची दलदल आहे. चिखलात श्वासाला हवा मिळत नाही म्हणून या झाडांची मुळे गुडघ्यासारखी वाकून जमिनीबाहेर येतात आणि पुन्हा आत जातात. दलदलीतून वाहणारा प्रवाह कायम ओला राहिला तरच ही झाडे जगतात. देवाची राई म्हणून गावाने तिथे कुऱ्हाड चालू दिली नाही, त्यामुळे पाणी आणि झाडे दोन्ही राहिली. माझ्या मते गोव्यातील व्हाळाचा भूगोल शिकवायला याहून चांगली जागा नाही, मात्र तिथे जाणाऱ्याने मुळांवर पाय न देता काठानेच फिरावे.

व्हाळात किती पाणी आहे हे मोजायला यंत्र लागत नाही. सरळ वाहणारा दहा मीटरचा तुकडा निवडावा, त्याची सरासरी रुंदी आणि खोली मोजावी आणि सुकलेले पान सोडून ते अंतर किती सेकंदांत जाते ते पाहावे. समजा नोव्हेंबरमध्ये रुंदी २ मीटर, खोली २० सेंटीमीटर आणि पानाला लागलेला वेळ २० सेकंद आहे. पृष्ठभागाचा वेग सेकंदाला अर्धा मीटर झाला. तळाशी आणि काठाला पाणी मंद चालते म्हणून त्याचे आठ दशांश धरले, तर प्रवाह सेकंदाला १६० लिटर येतो. हाच व्हाळ एप्रिलमध्ये ५० सेंटीमीटर रुंद, ५ सेंटीमीटर खोल आणि सरासरी सेकंदाला १० सेंटीमीटर इतका मंद झाला, तर प्रवाह फक्त अडीच लिटर उरतो. पण दिवसरात्र वाहणारे हे अडीच लिटर चोवीस तासांत २ लाख १६ हजार लिटर होतात. दर महिन्याला एकाच ठिकाणी ही नोंद करणाऱ्या शाळेकडे काही वर्षांत आपल्या गावच्या डोंगराचा जो आलेख तयार होईल, तो विकत घेऊन मिळणार नाही.

या पाण्याचा उपयोग करण्याची गोव्यातली पद्धत डोंगराच्या रचनेला अनुसरूनच घडली. पाऊस ओसरला की व्हाळात दगड, माती आणि फांद्यांचा बांध घालतात आणि काठाने समोच्च रेषेला जवळजवळ समांतर असा पाट काढून पाणी कुळागरात नेतात. माड, पोफळी, मिरवेल आणि केळी यांना शिंपून उरलेले पाणी जमिनीत मुरत पुन्हा खालच्या व्हाळाला मिळते, म्हणून एकच पाणी एकाखाली एक असलेल्या कुळागरांना वापरता येते. आता ठिकठिकाणी फळ्या घालण्याचे पक्के बंधारे आहेत. त्यांच्या फळ्या पहिल्या पावसाआधी काढणे महत्त्वाचे असते, नाहीतर पुराने आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचतो आणि चढणीच्या माशांची वाटही बंद होते. मृगाच्या पाण्याबरोबर हे मासे अंडी घालायला नदीतून व्हाळात आणि व्हाळातून शेतात चढतात. रस्त्याखालच्या नळाचे तोंड पाण्याच्या पातळीपेक्षा हातभर वर बसवले, तरी त्यांचा प्रवास तिथेच थांबतो.

व्हाळ बिघडतो तो बहुधा वरून. डिचोली, सांगे आणि सत्तरीच्या काही भागांत लोहखनिजासाठी डोंगर खोदले गेले, तेव्हा जांभ्याचा साठवण करणारा थरच निघून गेला. खाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्यावर त्यांतले पाणी सतत उपसावे लागले, त्यामुळे आजूबाजूच्या झरी आणि विहिरी आटल्या आणि मातीच्या ढिगांचा गाळ पावसाबरोबर व्हाळात उतरला. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात लागलेल्या वणव्यांकडे झाडे किती जळाली या दृष्टीने पाहिले गेले. पण अशा आगीत आधी जळतो तो पाचोळा, म्हणजे पाणी जिरवणारा वरचा थर, आणि त्याची किंमत पुढच्या उन्हाळ्यातील प्रवाह चुकवतो. रान साफ करून केलेली काजूची लागवड आणि सड्यावर पसरलेली बांधकामे यांचाही परिणाम त्याच दिशेने होतो, वेग तेवढा वेगळा. बिघाड ओळखण्याची एक साधी खूण आहे. भरल्या रानातून येणारा व्हाळ मध्यम पावसात नितळ राहतो. तो लाल झाला, तर काठाने वर चढत जावे. डावीकडून की उजवीकडून, नेमक्या कोणत्या ओघळाने लाल पाणी आत येते ते दिसते आणि त्या ओघळाच्या डोक्यावर बहुतेक ताजी कापणी, खणलेली माती किंवा उघडा रस्ता असतो.

व्हाळाचा परिणाम त्याच्या संगमापाशी संपत नाही. मांडवीत, म्हणजे म्हादईच्याच खालच्या भागात, समुद्राची भरती मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजेपर्यंत जाणवते. पावसाळ्यात डोंगरातून येणारे गोडे पाणी खाऱ्या पाण्याला खाली ढकलून देते. मार्च ते मे या महिन्यांत नदीचा प्रवाह अगदी क्षीण होतो आणि खारटपणा वर सरकत जातो. त्या काळात नदीत जे थोडे गोडे पाणी उतरते, ते पावसाचे नसते. ते वरच्या शेकडो व्हाळांतील झरींचे असते. त्यामुळे सत्तरीतल्या एखाद्या सड्याखालची झर आटली, तर तिची तूट आधी कुळागराच्या पाटात दिसते आणि अशा अनेक झरी आटत गेल्या, तर ती खालच्या खोऱ्यात विहिरीच्या पाण्याच्या चवीत आणि खाजन शेतीच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेल्या शेतीच्या, बांधाआतील मातीतही जाणवू लागते.